म्हशीच्या गळ्यात सेन्सर बांधला, पण अलर्ट कोणाला?

तुमच्या मनगटावरचा फिटनेस बँड पावलं मोजतो, तोच प्रकार आता गाई-म्हशींच्या गळ्यात आलाय. कॉलरमध्ये असतो अ‍ॅक्सिलरोमीटर. फोन आडवा केला की स्क्रीन फिरते ना, तोच सेन्सर. मान कशी हलते यावरून जनावर चरतंय, रवंथ करतंय की नुसतं उभं आहे, हे सॉफ्टवेअर ओळखतं. (कानातला पिवळा बिल्ला वेगळा. त्यात बॅटरीच नसते. तो १२ अंकी ओळख क्रमांक आहे आणि १ जून २०२४ पासून महाराष्ट्रात त्याशिवाय जनावराची खरेदी-विक्री करता येत नाही.)

आता मुंबईची हवा बघा. ३२ अंश तापमान आणि ७० टक्के आर्द्रता, म्हणजे वडाळ्यातली मे महिन्यातली साधी दुपार. दोन्ही मिळून जो उष्णता-आर्द्रता निर्देशांक निघतो, तो ८४ च्या आसपास जातो. होल्स्टीन गाईचं दूध ७२ च्या पुढेच घटायला लागतं. गाय बसायचं टाळते, कारण उभं राहिलं की अंगाला वारा लागतो. खाणं कमी, रवंथ कमी. म्हशीचं कातडं काळं, घामाच्या ग्रंथी कमी, त्यामुळे तिला डुंबायला पाणीच लागतं.

कळपाचं वागणंही बदलतं. सगळी जनावरं एकाच सावलीत, एकाच हौदाशी गर्दी करतात. दांडग्या म्हशी पाणी अडवून उभ्या राहतात, गरीब म्हैस मागे तहानलेली. अ‍ॅपवर कळपाची सरासरी मात्र ठीकठाक दिसते! इथे उपाय सॉफ्टवेअरमध्ये नाही. दुसऱ्या टोकाला आणखी एक हौद बांधायचा, झालं. नुसत्या फॉगरवरही भरवसा ठेवू नका. दमट हवेत पाणी उडून जात नाही. पाठ भिजवायची आणि वर पंखा लावायचा.

मग कॉलर घ्यायचीच कशाला? मुख्यतः माज ओळखायला. गाईचा माज जेमतेम १२ ते १८ तास टिकतो, बऱ्याचदा रात्री येतो. तो हुकला की पुढची संधी २१ दिवसांनी. पुणे जिल्ह्यात मंचरला भाग्यलक्ष्मी फार्मवर हजारो होल्स्टीन गाई आहेत, दूध काढायला गोल फिरणारं पार्लर आहे. एवढ्या कळपात प्रत्येकीवर माणसाची नजर राहणं अशक्य, तिथे असं यंत्र पैसे वसूल करून देतं.

मुंबईच्या तबेल्याचं गणित उलटं आहे. शहरातल्या म्हशी बाहेर नेण्यासाठी १९४९ मध्ये गोरेगावला आरे वसाहत सुरू झाली, पण धंद्याची रीत तीच राहिली. ताजी व्यालेली म्हैस विकत आणायची, आटेपर्यंत दूध काढायचं, मग विकून टाकायची. अनेक तबेल्यांत तिला पुन्हा गाभण करण्याच्या फंदात कोणी पडत नाही. मग माजाचा अलर्ट घेऊन करायचं काय? त्यातून म्हशीचा माज उन्हाळ्यात बहुतेक ‘मुका’ असतो. ती ना ओरडते, ना धावते. फक्त हालचाल मोजणाऱ्या कॉलरची तिथे पंचाईत होते.

हा मुका माज ओळखतो तो गोठ्यातला गडी. मुंबईच्या तबेल्यात तो बहुतेक उत्तर प्रदेशातून आलेला, मध्यरात्रीनंतर उठून धारा काढणारा. म्हैस आज पान्हा चोरतेय, वैरण अर्धी टाकलीय, हे त्याला हात लावताच कळतं. आणि अ‍ॅप? ते मालकाच्या फोनवर, बहुधा इंग्रजीत. रात्री दोन वाजता ‘रवंथ घटली’ असा मेसेज आला तरी मालक झोपलेला, आणि पंखा लावणारा माणूस तो मेसेज बघूच शकत नाही.

म्हणून कॉलरची जाहिरात पाहिलीत तर बॅटरी किती चालते याच्या आधी दोन प्रश्न विचारा. हिची चाचणी म्हशींवर झालीय का? आणि अलर्ट गड्याच्या फोनवर, त्याच्या भाषेत, आवाजासकट जातो का? तो जात नसेल तर तेवढ्याच पैशांत एक जादा हौद, चार पंखे आणि गड्याला आठवड्याची एक सुट्टी, हा सौदा मला जास्त फायद्याचा वाटतो.