दुष्काळातला हप्ता

झांबियाने नोव्हेंबर २०२० मध्ये युरोबाँडवरील ४.२५ कोटी डॉलरचे व्याज थकवले आणि कोविडकाळात दिवाळखोरीत निघालेला तो आफ्रिकेतला पहिला देश ठरला. २०१२ ते २०१५ दरम्यान तांब्याच्या भरवशावर त्याने तीन खेपांत ३०० कोटी डॉलरचे रोखे विकले होते; चीनची कर्जे वेगळीच. गरीब देशांच्या कर्जपुनर्रचनेसाठी जी-२० गटाने त्याच महिन्यात सामाईक चौकट आखली. झांबियाचा अर्ज २०२१च्या आरंभी गेला. सरकारी धनकोंशी ६३० कोटी डॉलरचा समझोता व्हायला जून २०२३ उजाडला. रोखेधारकांशी झालेली बोलणी सरकारी धनकोंनी नोव्हेंबरात धुडकावली: खासगी सावकारांनी आपल्याइतकी झळ सोसलेली नाही, ही तक्रार. तो गुंता सुटला जून २०२४ मध्ये. साडेतीन वर्षे खल चालला तो प्रामुख्याने तोटा कोणी किती सोसायचा यावर.

पाऊस या बैठकांसाठी थांबणार नव्हता. एल निनोमुळे तो दडी मारून बसला आणि फेब्रुवारी २०२४ अखेर राष्ट्राध्यक्ष हाकाइंडे हिचिलेमा यांना राष्ट्रीय आपत्ती जाहीर करावी लागली. सुमारे १० लाख हेक्टरवरचा मका करपला. मक्याच्या पिठाचा न्शिमा हेच तिथले रोजचे जेवण. देशाची चार पंचमांशाहून अधिक वीज तेव्हा पाण्यावर होत होती आणि करिबा जलाशयाने तळ गाठला. लुसाकातल्या वेल्डिंगवाल्यांच्या आणि पिठाच्या गिरण्यांच्या वाट्याला काही भागांत दिवसाकाठी जेमतेम तीन तास वीज आली. वीज नाही म्हणून चुलीत लोणारी कोळसा, आणि कोळशासाठी जंगलावर कुऱ्हाड. हवामानाला पूरक विकासाची भाषा अशा ठिकाणी पोकळ वाटते.

जून २०२५ मध्ये चिसांबा येथे १०० मेगावॉटचा सौरप्रकल्प सुरू झाला. गरजेच्या मानाने तो तुटपुंजा आहे; तिजोरी हप्त्यांत अडकली की असे प्रकल्प रेंगाळतात.

यावर तोड नाही असे नाही. ग्रेनाडा या द्वीपराष्ट्राने २०१५च्या कर्जपुनर्रचनेत चक्रीवादळाचे कलम घालून घेतले होते. २०२४ मध्ये बेरिल वादळाने त्या बेटांची वाताहत केली, तेव्हा त्याच कलमाच्या आधारे रोख्यांचे हप्ते पुढे ढकलले गेले. त्यासाठी नव्याने कोणापुढे हात पसरावे लागले नाहीत. दुष्काळासाठीही असे कलम लिहिता येते. पर्जन्यमान आणि जलसाठा मोजता येतो.

कर्जपुनर्रचनेवरील जागतिक गोलमेज परिषद फेब्रुवारी २०२३ मध्ये भारताच्या जी-२० अध्यक्षपदाच्या काळात बंगळुरूत भरली. श्रीलंकेच्या धनकोंच्या समितीचे सहअध्यक्षपदही भारताकडे होते. यापुढच्या प्रत्येक करारात आपत्तीचे असे कलम असावे, असा आग्रह भारताने धनको म्हणूनच धरावा.