पद्मिनीला सिंथेटिकचे लाड कशाला?

जुनी गाडी बाळगणाऱ्याला फुकट सल्ल्याची कधी वाण पडत नाही. सोसायटीच्या आवारात प्रीमियर पद्मिनीचं बॉनेट उघडायचा अवकाश, पाच मिनिटांत तीन तज्ज्ञ हजर होतात. ‘एकदा फुल सिंथेटिक तेल टाकून बघा, इंजिन लोण्यासारखं चालेल,’ हा त्यांचा सगळ्यांत लाडका सल्ला, आणि खिशाला सगळ्यांत जड. मीरा-भाईंदरमध्ये जुनी फियाट किंवा मारुती ८०० ठेवणारा माणूस बहुधा पगारदार किंवा निवृत्त असतो आणि गाडी वडिलांच्या हातची असते. त्याने हा सल्ला मानण्याआधी डब्यावरचे आकडे वाचावेत. ते त्याच्या बाजूने बोलतात.

खर्चाला तशीही तोंडं पुष्कळ आहेत. २० वर्षांवरच्या मोटारीच्या नोंदणी नूतनीकरणाचं केंद्रीय शुल्क ऑगस्ट २०२५ मध्ये पाच हजारांवरून दहा हजार रुपये झालं. पर्यावरण कर वेगळा. ‘विंटेज’ म्हणून नोंद करावी, तर २०२१ च्या नियमांप्रमाणे गाडी पन्नाशीच्या पुढची लागते, नव्या नोंदणीला २० हजार मोजावे लागतात आणि मग ती रोजच्या कामाला रस्त्यावर आणता येत नाही. म्हणजे १९८५ किंवा १९९५ च्या पद्मिनीला म्हातारपणाचा दंड आहे, ज्येष्ठत्वाचा मान नाही. अशा मालकाने तेलात चार पैसे वाचवले तर त्याला कंजूष कोणी म्हणू नये.

आता ते आकडे. २०डब्ल्यू-५० मधला ‘डब्ल्यू’ हा हिवाळ्याचा. त्याच्या आधीचा आकडा थंडीत तेल किती दाटतं ते सांगतो, नंतरचा आकडा १०० अंश सेल्सिअसला, म्हणजे तापलेल्या इंजिनात, ते किती घट्ट राहतं ते सांगतो. ०डब्ल्यू तेलाची थंडीची चाचणी उणे ३५ अंशांवर होते, ५डब्ल्यूची उणे ३० वर. सगळ्यांत ‘मागास’ समजल्या जाणाऱ्या २०डब्ल्यूचीही चाचणी उणे १५ अंशांवर होते. मुंबईत सांताक्रूझला आजवरचं सर्वांत कमी तापमान नोंदलं गेलं ते २२ जानेवारी १९६२ रोजी, ७.४ अंश. तेही शून्याच्या वर! भाईंदरच्या खाडीकाठी ५डब्ल्यूसाठी जादा पैसे मोजणं म्हणजे कॅनडाच्या थंडीचं बिल आपण भरणं. इथे खरी परीक्षा दुसऱ्या आकड्याची असते. मे महिन्यात दहिसरच्या नाक्यावर पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये अर्धा तास रखडलेल्या गाडीला विचारा. ऑक्टोबर २०२४ पासून मोटारींना तिथे टोल नाही, तरी गर्दीची खोड काही गेलेली नाही. तापलेल्या, थोड्या झिजलेल्या इंजिनात पातळ तेल टिकत नाही. ऑइल प्रेशर उतरतं, रिंगांमधून तेल जळतं, मागे निळा धूर निघतो. जुन्या मिस्त्रींची पसंती २०डब्ल्यू-४० किंवा २०डब्ल्यू-५० ला असते, ती याच अनुभवातून.

दुसरा मुद्दा झिंकचा. पद्मिनीचं १०८९ सीसीचं इंजिन जुन्या धाटणीचं: कॅमशाफ्ट ब्लॉकमध्ये, वर पुशरॉड, आणि कॅमवर सपाट बुडाचे टॅपेट घासत चालणारे. या घासणीच्या जागी धातू वाचवायला तेलात झिंक आणि फॉस्फरस असलेलं ‘झेडडीडीपी’ हे रसायन लागतं. पण हाच फॉस्फरस नव्या गाड्यांचे कॅटॅलिटिक कन्व्हर्टर निकामी करतो. म्हणून अमेरिकेच्या एपीआय या संस्थेने तो टप्प्याटप्प्याने कमी करायला लावला; २००४ च्या ‘एसएम’ दर्जापासून मर्यादा ०.०८ टक्क्यांवर आली. तेव्हापासून जगभरच्या जुन्या गाडीवाल्यांची झोप उडाली आहे आणि ‘क्लासिक’ असं छापलेली महाग तेलं परदेशात विकली जातात.

इथे मात्र एक मेख आहे, आणि ती आपल्या फायद्याची आहे. ही मर्यादा ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३०, १०डब्ल्यू-३० अशा पातळ, इंधन वाचवणाऱ्या तेलांना लागू होते. २०डब्ल्यू-५० तिच्या कक्षेत येतच नाही. महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कन्व्हर्टर सक्तीचा झाला तो १९९५ मध्ये; त्याआधीच्या पद्मिनीला तर जपायला कन्व्हर्टरच नाही. तेव्हा सर्व्हो, मॅक, एचपी, कॅस्ट्रॉल, गल्फ किंवा व्हिडॉल यांपैकी कुणाचंही साधं मिनरल २०डब्ल्यू-५० घ्यावं आणि निर्धास्त व्हावं.

जवळपास निर्धास्त. मर्यादा नाही याचा अर्थ कंपनीने झिंक भरपूर घातलंच आहे असा होत नाही. डब्यावर रेसच्या गाड्या असतात, खेळाडूंची छबी असते, ‘सुपर’, ‘अल्ट्रा’, ‘मॅक्स’ असतं. झिंक किती, फॉस्फरस किती, हे नसतं. बिस्किटाच्या दहा रुपयांच्या पुड्यावर साखर किती ते छापावं लागतं, मग शेकडो रुपयांच्या डब्याला ही सवलत का? हे दोन आकडे छापण्याची सक्ती झाली तर जुन्या गाडीवाल्यांचे निम्मे वाद मिटतील.

तोवर काशिमीऱ्याचा हायवे मदतीला आहेच. तिथल्या ट्रकवाल्यांच्या दुकानांत डिझेल इंजिनांचं १५डब्ल्यू-४० बादलीने मिळतं आणि मोठ्या बादलीत लिटरचा भाव बराच खाली येतो. या तेलांत झीज रोखणारं रसायन साधारणपणे जास्त असतं. डब्यावर ‘सीआय-४’ सोबत ‘एसएल’ असा पेट्रोल इंजिनाचा दर्जाही छापलेला असेल तर ते पद्मिनीला चालतं. एक सावधगिरी मात्र हवी. या तेलात मळ धुणारी द्रव्यंही जोरदार असतात, त्यामुळे वर्षानुवर्षं चिखल साचलेल्या इंजिनातला गाळ सुटून तेलाच्या वाटा तुंबू शकतात. अशा इंजिनात पहिलं तेल लवकर, हजारभर किलोमीटरवरच बदलावं.

कारण जुन्या इंजिनाला तेल महाग आहे की स्वस्त यापेक्षा ते ताजं आहे का, याने जास्त फरक पडतो. रविवारी भाईंदरहून उत्तनपर्यंत जेमतेम दहा किलोमीटर जाऊन मासळी घेऊन परत येणाऱ्या गाडीचं तेल नीट तापतच नाही. जळणातून तयार झालेलं पाणी आणि चोकमुळे उतरलेलं पेट्रोल त्यातच मुरतं. मिस्त्री चेंबरचा नट सोडतो तेव्हा हे दिसतं: पहिली धार काळी आणि पातळ येते, नाकाजवळ बोट नेलं तर पेट्रोलचा वास, आणि तेल भरायच्या झाकणाच्या आतल्या बाजूला कॉफीच्या फेसासारखा पिवळट थर. असा थर एकदा-दोनदा दिसला तर तो ओलाव्याचा. पुसूनही सारखा येत असेल आणि रेडिएटरमधलं पाणीही कमी होत असेल तर हेड गॅस्केट तपासायला हवं. मिनरल तेल पाच हजार किलोमीटर किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते. गाडी कमी फिरत असेल तर पावसाळा सरल्यावर बदलणं शहाणपणाचं. फिल्टर दर वेळी नवा. सिंथेटिक घेऊन ‘महागाचं आहे, चालेल अजून वर्षभर’ म्हणणारा इंजिनाचा जास्त घात करतो.

पैसे खरे बुडतात ते बनावट तेलात. गॅरेजमधलं काळं तेल भंगारात जातं, रिकामे डबेही जातात, आणि कुठेतरी या दोघांची पुन्हा गाठ पडते. गाळून रंग आणलेलं तेल डोळ्यांना नव्यासारखंच दिसतं. म्हणून पिंपातलं सुटं तेल घेऊ नये, किंमत कितीही गोड वाटली तरी. पेट्रोल पंपावर त्या कंपनीचं सीलबंद तेल मिळतं, तिथे हजार प्रकार नसतात पण फसगतीची शक्यता कमी. सील, बॅच क्रमांक आणि तारीख बघावी, बिल मागावं, तेल आपल्यासमोर ओतून घ्यावं आणि रिकाम्या डब्याला तिथेच भोक पाडावं. मिस्त्री कदाचित नाराज होईल. होऊ द्यावं.

वापरलेल्या तेलाची जबाबदारी उत्पादकांवर टाकणारे नियम १ एप्रिल २०२४ पासून लागू झाले आहेत. पहिल्या वर्षाचं उद्दिष्ट ५ टक्के होतं. ही जबाबदारी कागदावर पार पडते की गल्लीत, ते घरी स्वतः तेल बदलणाऱ्या माणसाला लगेच कळतं. त्याच्या हातात तीनेक लिटर काळं तेल उरतं आणि ते द्यायचं कुठे, हे कुठेच लिहिलेलं नसतं. ते गटारात ओतलं तर खाडीत आणि तिवरांत जातं, भंगारवाल्याला दिलं तर उद्या कुणाच्या डब्यात जाईल याचा नेम नाही. ज्या पंपावर नवं तेल विकलं जातं, त्याच पंपावर जुनं परत घेण्याची आणि त्याची पावती देण्याची सक्ती कंपन्यांवर करता येईल. पंप आहेत, टँकर येतात-जातात, हिशेब ठेवणारी माणसं आहेत. महापालिकेने आपल्या हद्दीतल्या दोन-चार पंपांपासून याची सुरुवात करून घ्यावी. बनावट तेलवाल्यांचा कच्चा माल तिथेच तुटेल.