चमत्कार म्हणू नका, राजेहो!

विदर्भाने रणजी जिंकली की पुण्यातल्या आमच्या ऑफिसात प्रतिक्रिया ठरलेल्या असतात. "अरे वा, चमत्कारच की!" मग कोणीतरी म्हणतं, "पण तुमच्या टीममधे बाहेरचेच लोक आहेत ना?" आणि मार्च २०२५ पासून यात नवीन भर, "फायनल तर ड्रॉ झाली होती, पहिल्या डावाच्या आघाडीवर जिंकलात." हे बोलणारे लोक वाईट नाहीत. त्यातले दोघं माझ्या शेजारीच बसतात, डब्यातली भाजी वाटून खातात. पण मी पडलो वाशीमचा. क्रिकइन्फोचं पान कोपऱ्यातल्या टॅबमधे उघडं ठेवून, एफ-५ दाबत दाबत रणजीच्या मॅचेस 'बघण्यात' नोकरीची बरीच वर्षं घालवलेला माणूस. तेव्हा आज शनिवार आहे, चहा झालाय, एकदाचं लिहूनच टाकतो.

आधी ती ड्रॉची भानगड, कारण ती लवकर मिटते. रणजीची फायनल ड्रॉ झाली तर पहिल्या डावात आघाडी घेणारा जिंकतो, हा नियम विदर्भाने आदल्या रात्री जामठ्यात बसून लिहिलेला नाही. त्या मॅचमधे आमच्या ३७९, केरळच्या ३४२. म्हणजे ३७ ची आघाडी. आता केरळ फायनलला आलं कसं ते बघा. क्वार्टर फायनलला जम्मू-काश्मीरवर १ धावेची आघाडी, सेमीला गुजरातवर २ धावांची! शॉर्ट लेगच्या हेल्मेटवर आपटून स्लिपमधे उडालेला तो कॅच आठवत असेल. अख्ख्या देशाने कौतुक केलं, मीही केलं. मग २ धावांचं कौतुक आणि ३७ चं वावडं का बुवा? आणि त्याआधीची सेमीफायनल सोयीस्करपणे विसरायची नाही. रहाणे, सूर्यकुमार, शिवम दुबे असलेल्या मुंबईला नागपुरात ८० धावांनी सरळ हरवलं. पार्थ रेखडे नावाच्या आमच्या पोट्ट्याने हे तिघंही एकाच ओव्हरमधे काढले. त्याच्या आदल्या वर्षी, मार्च २०२४ मधे, याच मुंबईने वानखेडेवर आम्हाला फायनलला १६९ धावांनी हरवलं होतं. पहिल्या डावात १०५ वर खुर्दा झाला होता आमचा. पण ५३८ चा डोंगर समोर असताना कॅप्टन अक्षय वाडकरने शतक काढलं आणि मॅच पाचव्या दिवसावर नेली. ज्याला टीम कळते त्याला त्या हरण्यातच पुढच्या सीझनचा अंदाज आला असेल.

असो. आता 'बाहेरचे लोक'.

हा मुद्दा ऐकला की मला हसू येतं, कारण हे बोलणारे सगळे आयटीतले. दर दोन वर्षांनी कंपनी बदलणार, तीस टक्के हाईक घेणार, आणि करुण नायरने टीम बदलली की तो 'भाड्याचा खेळाडू'! बरं, जरा डिसेंबर २०१७ मधे चला. रणजीची सेमीफायनल, ईडन गार्डन्स, समोर कर्नाटक. त्यांच्याकडून पहिल्या डावात १५३ कोणी काढल्या? करुण नायरने. आम्ही जिंकलो ५ धावांनी, रजनीश गुरबानीने दुसऱ्या डावात ७ आणि मॅचमधे १२ विकेट घेतल्या. मग इंदूरला फायनल, समोर दिल्ली. दिल्लीकडून १४५ कोणी काढल्या? ध्रुव शोरीने. आणि त्याला बोल्ड कोणी केलं? गुरबानीनेच. ती त्याच्या हॅटट्रिकची तिसरी विकेट होती. रणजीच्या फायनलमधे हॅटट्रिक घेणारा तो इतिहासातला दुसरा बोलर. (हा प्राणी सिव्हिल इंजिनियर आहे, हे आमच्या जमातीसाठी मुद्दाम नमूद करतो :)) नऊ विकेटनी मॅच जिंकली आणि १ जानेवारी २०१८ ला विदर्भ पहिल्यांदा रणजी चॅम्पियन झाला.

आता गंमत बघा. ज्या दोघांनी आमच्याविरुद्ध शतकं ठोकली आणि तरी हरले, तेच दोघं २०२३ मधे आमच्याकडे आले. नायरला तेव्हा कर्नाटकाच्या टीममधे जागा नव्हती. २०२५ च्या फायनलला त्याने ८६ आणि १३५ केल्या, त्यावर भारताच्या टेस्ट टीमचं दार पुन्हा उघडलं आणि मग तो परत कर्नाटकाला गेला. जाऊ दे, त्याचं घर आहे ते. पण चांगला माणूस पडत्या काळात कुठे जातो? जिथे काम नीट चालतं तिथे. वसीम जाफरसारखा मुंबईचा माणूस चाळिशीत विदर्भाकडून २०१८-१९ च्या सीझनला १०३७ धावा काढतो, हे त्याचं मोठेपण आहेच. पण त्याला तसं खेळू देणाऱ्या ड्रेसिंग रूमचंही काही असेल की नाही?

आणि हिशोब करायचाच तर दोन्ही बाजूंनी करा. आमचे गेलेले कोण मोजणार? आदित्य सरवटे. फेब्रुवारी २०१९ ला सौराष्ट्राविरुद्धच्या फायनलमधे ११ विकेट, पुजाराला दोन्ही डावात मिळून एक धाव करू दिली. सलग दुसरी रणजी त्याने आणली. तोच सरवटे २०२५ च्या फायनलला केरळकडून खेळला आणि आमच्याविरुद्ध ७९ काढून गेला. टाळी वाजवावी की शिव्या घालाव्या तेच समजेना मला. गुरबानी २०२४-२५ ला महाराष्ट्राच्या टीममधे गेला. बाहेरचा माणूस आणला की ट्रॉफी येते असा नियम असता तर पुणेकरहो, तुमच्याकडेही आली असती ना? तुमची शेवटची रणजी १९४०-४१ ची. (हे वाक्य मी डब्याच्या वेळी बोलत नाही. भाजी बंद होईल.)

राहिला चमत्कार. मला खरा राग याचा आहे.

आमच्या धंद्यात नवीन प्रॉडक्ट रात्री बारा वाजता लाइव्ह जातं आणि सकाळी पेपरात येतं, 'एका रात्रीत यश'. त्याच्यामागची दहा वर्षांची कटकट, फेकून दिलेला कोड, वैतागून सोडून गेलेली माणसं, हे काही छापून येत नाही. विदर्भ पहिली रणजी खेळला १९५७-५८ ला. साठ वर्षं लागली. त्यातली कित्येक वर्षं प्लेट गटात, म्हणजे मागच्या बाकावर. मग जामठ्याचं स्टेडियम झालं २००८ मधे, आणि त्याच सुमारास क्रिकेट असोसिएशनने नागपूरला निवासी अकादमी काढली. सुब्रतो बॅनर्जीसारखा भारताकडून खेळलेला बोलर पोरांच्या रनअपवर, मनगटावर वर्षानुवर्षं काम करत बसला. त्यानंतर चंद्रकांत पंडित कोच म्हणून आले, आणि या माणसाच्या शिस्तीत ढिलाई चालत नाही हे अख्ख्या भारताला माहीत आहे. कॅप्टन फैज फझलने पहिल्या विजयाच्या सीझनला ९१२ धावा काढल्या. आणि सगळ्यात महत्त्वाचं, ज्या हिवाळ्यात मोठ्यांनी रणजी जिंकली त्याच हिवाळ्यात पोरांनी १९ वर्षांखालची कूचबिहार ट्रॉफी जिंकली. फायनलला अकोल्याच्या अथर्व तायडेने मध्य प्रदेशला ३२० ठोकल्या. चमत्कार दोन वयोगटात एकाच वेळी होत नसतो हो. त्याला पाइपलाइन म्हणतात.

पुढची फळी बघा. २०२४-२५ ला हर्ष दुबेने ६९ विकेट घेतल्या, रणजीच्या इतिहासात एका सीझनमधे एवढ्या कोणीच घेतल्या नव्हत्या. यश राठोडच्या ९६० धावा. दानिश मालेवार पहिल्याच सीझनला फायनलमधे ३ बाद २४ वरून नायरबरोबर उभा राहिला आणि १५३ करून गेला. हे तिघंही आमच्याच पाइपलाइनमधून आलेले. कोच उस्मान घनी, तेही विदर्भाचेच. अख्खा सीझन एकही मॅच हरली नाही टीम.

मग 'चमत्कार' म्हटल्याने काय बिघडतं? तर बिघडतं. चमत्काराला कोणी जाब विचारत नाही. मैदान, कोच, बजेट, सिलेक्शन ट्रायल, चमत्काराला यातलं काही लागत नाही. तो कुठेही होतो, म्हणून तो कुठे होत नाही हे विचारायचा हक्कच राहत नाही. पण ही जर व्यवस्था आहे, आणि ती आहेच, तर मी चाहता म्हणून तिला विचारू शकतो, की बाई, तू आमच्या गावापर्यंत कधी येणार?

विदर्भाचे अकरा जिल्हे. मी कधीकधी रिकाम्या मीटिंगमधे यादी करतो. वर्ध्याचा दर्शन नळकांडे. अमरावतीचा जितेश शर्मा. यवतमाळकडचा अक्षय कर्णेवार, दोन्ही हातांनी बोलिंग टाकणारा. अकोल्याचा तायडे, आणि अकोल्याचाच आदित्य ठाकरे (राजकारणातला नव्हे, आमचा, फास्ट बोलर), ज्याने इंदूरच्या त्या फायनललाच पहिला फर्स्ट क्लास सामना खेळला. १९९८ पर्यंत वाशीम अकोला जिल्ह्यातच होतं, त्यामुळे या दोघांवर मी अर्धा हक्क सांगतो. पण वाशीमच्या नावापुढे लिहायला माझ्याकडे कोणी नाही. वाकाटकांच्या काळात हे वत्सगुल्म, राजधानीचं गाव. २०१८ मधे केंद्र सरकारच्या 'आकांक्षित जिल्ह्यांच्या' यादीत नाव आलं. आकांक्षा आमच्याकडे पहिल्यापासूनच भरपूर आहे, बाकीचं पाठवा म्हणावं.

इथे लगेच उमेश यादवचं नाव पुढे केलं जातं. कोळशाच्या खाणीतल्या कामगाराचा पोरगा, टेनिस बॉलवर खेळून मोठा झालेला, विदर्भातून टेस्ट खेळणारा पहिला. "टॅलेंट असलं की वाट सापडते." सापडते ना! पण खापरखेडा नागपूरला लागून आहे राजेहो. मानोऱ्याचा किंवा रिसोडचा तेरा वर्षांचा पोट्टा सोयाबीन निघाल्यावर ज्या वावरात हरभरा पेरायचा नाही तिथे पिच करतो आणि कॉस्को बॉलने दिवसभर टाकतो. त्याला लेदर बॉलचा सीम कसा धरतात हे कळायला नागपूर अडीचशे किलोमीटरवर आहे. समृद्धी महामार्ग आमच्या जिल्ह्यातून जातो, २०२२ पासून कारंज्याची गाडीवाली माणसं भुर्रकन नागपूरला पोचतात. त्या पोट्ट्याच्या बापाकडे गाडी नाही, आणि ट्रायलसाठी दोन दिवस शेत सोडणं म्हणजे काय असतं ते त्याला विचारा. माझ्या शाळेत क्रिकेटची किट कपाटात होती. कपाटाला कुलूप होतं. किल्ली ज्यांच्याकडे होती ते सर पीटीच्या तासाला गणित शिकवायचे. म्हणून मी इंजिनियर झालो असं माझी आई म्हणते.

मला वाशीमला जामठ्याएवढं स्टेडियम नकोय. वानखेडेही नकोय. एक मॅटिंग विकेट, एक कोच, आठवड्यातून दोन दिवस, आणि वर्षातून एक ट्रायल जिल्ह्याच्या ठिकाणी, सोयाबीनच्या हंगामात सोडून. तीन रणजी जिंकलेल्या असोसिएशनला हे परवडतं. कर्णेवार लहानपणी उजव्या हाताने ऑफस्पिन टाकायचा. डाव्या हाताने पण टाकून बघ रे, असं त्याला सांगणारा एक कोच तिथे हजर होता. तसा एक माणूस रिसोडला पाठवा.