पैसे देऊन मार खायला?

किकबॉक्सिंगचा क्लास लावून सहा-आठ महिने झाले, लाथ कंबरेच्या वर जायला लागली, की एक स्वप्न हळूच डोकं वर काढतं. थायलंडला जायचं, एखाद्या कॅम्पमध्ये राहायचं आणि तिथल्या गुरूंच्या हाताखाली शिकायचं. घरातली पहिली प्रतिक्रिया मात्र ठरलेली असते. माझ्या आईनेही विचारलं होतं, "पैसे देऊन मार खायला एवढ्या लांब जायचं?" ऐकायला हा प्रश्न चेष्टेचा वाटतो, पण तो अगदी रास्त आहे. साठवलेले पैसे, मिनतवारीने मिळालेली दोन आठवड्यांची रजा आणि स्वतःचे गुडघे, एवढं सगळं आपण पणाला लावतो. म्हणून मंडळी, या वेळी कॅम्प कसा निवडायचा त्याबद्दल.

आधी एक फरक लक्षात घ्या. थायलंडमध्ये शिकवतात ती मुए थाई. तिच्यात ठोसे आणि लाथांबरोबर कोपर, गुडघे आणि एकमेकांच्या मानेला धरून झुंजणं, म्हणजे क्लिंच, हे सगळं येतं. आपल्याकडच्या बहुतेक क्लासमध्ये शिकवलं जाणारं किकबॉक्सिंग त्याहून आटोपशीर असतं, त्यात कोपर चालत नाही. किकबॉक्सिंगचं दुसरं मोठं घर म्हणजे हॉलंड. अ‍ॅमस्टरडॅमची मेजिरो जिम १९७८ची, आणि के-वनची जागतिक स्पर्धा चार वेळा जिंकलेला अर्नेस्टो होस्ट हाही तिथलाच. पण डच पद्धतीत सरावाचा मोठा भाग जोडीने होतो. समोरचा तुमच्यावर ठोसे-लाथा टाकणार, तुम्ही त्या अडवून परत मारणार. अंगात थोडं मुरल्यावर ही पद्धत फार छान, पण नवख्याला जोडीदार जसा मिळेल तसं त्याचं नशीब. शिवाय शेंगेन व्हिसा आणि राहण्याचा खर्च वेगळाच.

थायलंडमध्ये प्रशिक्षक स्वतः हातात पॅड धरून तुमच्यासमोर उभा राहतो आणि तुमची प्रत्येक लाथ त्याच्या हातावर बसते. पाय कुठून निघाला, कंबर फिरली की नाही, हे त्याला लगेच कळतं. माझ्या मते नवख्याने तिकडे जायचं ते या पॅडसाठी. त्यामुळे कॅम्पच्या भिंतीवर किती चॅम्पियनांचे फोटो आहेत, यापेक्षा नवीन आलेल्याला पॅड कोण धरतो, हे पाहा.

म्हणून पैसे भरण्याआधी कॅम्पला चार प्रश्न लिहून पाठवा. एका प्रशिक्षकामागे किती विद्यार्थी असतात? एका सत्रात प्रत्येकाला पॅडच्या किती फेऱ्या मिळतात? नवख्यांचा गट वेगळा असतो का? स्पारिंगला नाही म्हणता येतं का? दोन-तीन फेऱ्या खात्रीने मिळणार असतील तर उत्तम. "गर्दीवर अवलंबून आहे" असं उत्तर आलं, तर बराचसा वेळ तुम्ही एकटेच बॅगेवर लाथा मारत असाल, हे समजून चाला. बॅग काय, आपल्या गावातही टांगलेली आहे. मुलींनी आणखी एक विचारावं, क्लिंचच्या सरावाला जोडीदार कसा ठरवतात. आणि काही जुन्या वळणाच्या जिममध्ये स्त्रियांनी रिंगमध्ये खालच्या दोरीखालूनच जायचं, अशी प्रथा आजही आहे. ती आपल्याला पटते की नाही, हे जाण्याआधीच ठरवलेलं बरं.

आता थोडं गणित. आपल्याकडे आठवड्यातून तीन दिवस तासभर सराव, म्हणजे तीन तास. कॅम्पमध्ये सकाळ-संध्याकाळ मिळून रोज चार तास, आठवड्याचे सहा दिवस, म्हणजे २४ तास. एकदम आठपट, तेही दमट उकाड्यात आणि अनवाणी पायांनी. नडगी, तळवे आणि गुडघे हे मुकाट्याने सोसत नाहीत. पहिला आठवडा रोज एकच सत्र ठेवा आणि एकेका सत्राचे किंवा आठवड्याचे पैसे घेणारा कॅम्प शोधा. दोन गोष्टी मात्र अंगावर काढू नका. अतिश्रमानंतर लघवी चहासारखी गडद झाली, तर स्नायूंना इजा होऊन मूत्रपिंडावर ताण आलेला असू शकतो. आणि डोक्याला मार लागल्यावर डोकेदुखी, मळमळ किंवा गरगरणं सुरू झालं तर सराव तिथेच थांबवायचा. दोन्ही वेळा लगेच डॉक्टरकडे.

गाव कोणतं निवडायचं? फुकेतमध्ये चलोंग भागात सोई ता-इयाद नावाचा रस्ता आहे, तिथे जिमला लागून जिम. एक नाही आवडली तर दुसरी चालत गाठता येते, ही मोठी सोय. पण तिथे परदेशी पाहुण्यांची वर्दळही तेवढीच, आणि मे ते ऑक्टोबर पाऊस. चिआंग माईला राहणं-खाणं स्वस्त आणि गाव शांत, मी तिथेच गेले होते. मात्र फेब्रुवारी ते एप्रिल तिकडे शेतं आणि रानं जाळल्याचा धूर साचतो, तेव्हा धावायला जाणं नकोच. बँकॉकचं आकर्षण म्हणजे १९४५ सालचं राजदमनर्न स्टेडियम. तिथल्या लढती पाहायला एक दिवस जरूर काढा.

पाहायलाच बरं का! दोन-चार आठवडे शिकलेल्या पाहुण्यालाही रिंगमध्ये उतरवणारे लोक तिकडे भेटतात. "लढणार का?" असं कोणी कौतुकाने विचारलं, तरी पहिल्या फेरीला नम्रपणे नाही म्हणा.

प्रवासाचा विमा काढताना लढतीच्या खेळातली दुखापत त्यात धरली आहे का, ते वाचा. बऱ्याच पॉलिसींमध्ये ती वगळलेली असते. भाड्याच्या स्कूटरचंही तेच. योग्य परवाना नसेल तर अपघाताचा दावा नाकारला जाऊ शकतो. शाकाहारी मंडळींनी "जे" हा शब्द पाठ करावा. पिवळ्या पाटीवर लाल अक्षरात तो दिसला की मांस, अंडी आणि फिश सॉस नाही, शिवाय कांदा-लसूणही नाही. व्हिसाचे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या.

तिकडे प्रशिक्षकाला "क्रू" म्हणतात, आणि या शब्दाचं मूळ आपल्या "गुरू"तच आहे. वडोदऱ्याच्या जुम्मादादा व्यायाम मंदिराच्या गोष्टी आजोबांकडून ऐकलेल्यांना हे नातं समजावून सांगायला नको. चिआंग माईत माझ्या शेजारी एक मुलगी सराव करायची. लाथ मारताना तिच्या उभ्या पायाची टाच वळत नव्हती आणि गुडघ्याला पीळ पडत होता. क्रूंनी तीन दिवस तिला दुसरं काही मारूच दिलं नाही. ती वैतागली, पण चौथ्या दिवशी पॅडवर असा आवाज निघाला की सगळ्यांनी वळून पाहिलं.

पहिल्या दिवशी कडेला बसून नेमकं हेच बघा. सगळ्यात कच्च्या विद्यार्थ्याशी प्रशिक्षक कसा वागतोय? त्याची चूक थांबवून सुधारतोय, की फोनकडे बघत पॅड धरतोय? पटलं तर आठवड्याचे पैसे भरा. नाही पटलं तर एका सत्राचे देऊन पुढची जिम बघा.