मोजणारे कोण आणि राखणारे कोण?

माणदेशातील माणसाने समुद्रातील प्रवाळाची चिंता वाहावी, हे कित्येकांना हास्यास्पद वाटेल. टँकरची वाट पाहण्यात ज्यांचे उन्हाळे सरले, पाचशे मिलिमीटर पाऊस झाला तरी जे ते वर्ष बरे म्हणतात, त्यांनी मालवणच्या समुद्राविषयी बोलणे म्हणजे उंटावरून शेळ्या हाकणेच, असा आक्षेप येणार हे आम्ही गृहीत धरतो. तरीही लिहितो, कारण सर्वांच्या मालकीची वस्तू कशी नासते आणि कष्टाने कशी राखली जाते, याचे जितके शिक्षण या दुष्काळी मुलखाला मिळाले आहे, तितके फार थोड्या प्रदेशांना मिळाले असेल.

प्रवाळ म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे सोनाराकडील लाल पोवळे येते. ते मुख्यतः भूमध्य समुद्रातले. मालवणचे प्रवाळ निराळे. त्याला बाजारात मोल नाही, हे त्याचे भाग्यच. सिंधुदुर्ग किल्ल्याभोवतीच्या खडकांवर इवल्याशा जीवांच्या वसाहती चुन्याची घरे बांधून राहतात. त्यांच्या अंगात सूक्ष्म शेवाळ वसते. ते सूर्यप्रकाशावर अन्न तयार करते व यजमानास देते. समुद्राचे पाणी नेहमीच्या उन्हाळ्यापेक्षा एखादा अंश अधिक तापले आणि काही आठवडे तसेच राहिले, की हे शेवाळ बाहेर पडते, प्रवाळ पांढरे फटक होते आणि फार काळ तसेच राहिल्यास मरते. १९९८ साली जगभर हेच घडले, पुढे २०१० व २०१६ च्या सुमारास घडले आणि २०२४ च्या एप्रिलमध्ये शास्त्रज्ञांनी चौथ्या जागतिक संकटाची घोषणा केली. मालवणच्या गढूळ पाण्यात तग धरणाऱ्या या वसाहती म्हणजे चित्रांतल्यासारखी भव्य प्रवाळ-भिंत नव्हे. परंतु लहान मासळीला दडावयास कपार तेथेच मिळते.

या वसाहतींच्या रक्षणासाठी शासनाने काय केले? १९८७ साली वन्यजीव संरक्षण कायद्यान्वये मालवणचे सागरी अभयारण्य घोषित झाले. क्षेत्र सुमारे २९ चौरस किलोमीटर. त्यातील जेमतेम ३ चौरस किलोमीटरांचा गाभा. २००१ साली प्रवाळास त्याच कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत स्थान मिळाले. म्हणजे कागदावर प्रवाळ वाघाच्या पंक्तीस बसले. उत्तम झाले. परंतु ज्यांच्या होड्या पिढ्यान्‌पिढ्या त्या पाण्यातून जातात, त्या मच्छीमारांचा या अभयारण्याला विरोध होता आणि तो दीर्घकाळ टिकला. तो केवळ अडाणीपणाचा विरोध होता, असे ज्यांना वाटते त्यांच्याशी आमचे मुळीच जमत नाही. आपल्या अंगणात कुंपण पडले आणि कुंपणाच्या फाटकाची किल्ली परक्याच्या हाती गेली, तर कोण समाधान मानील?

शिवाय किल्ली तरी एकाच्या हाती आहे काय? अभयारण्य वनखात्याचे, होड्या व जाळी मत्स्यव्यवसाय खात्याची, पर्यटक पर्यटन खात्याचे. पाण्याखाली प्रवाळ दाखविण्याचा धंदा गेल्या काही वर्षांत तेथे भरभराटीस आला आहे. नांगर कोठे टाकावा, नवख्याचे पाय प्रवाळावर पडल्यास जबाबदार कोण, दिवसाकाठी किती माणसे पाण्यात उतरावीत, या प्रश्नांना तीन खात्यांची तीन उत्तरे येतात. बहुधा येतच नाहीत.

मोजणीचेही तेच. प्रवाळाची पाहणी ही काही गूढ विद्या नव्हे. पाण्याखाली फीत ताणावी. तिच्याखाली जिवंत प्रवाळ किती, मेलेले किती, शेवाळ किती, हे लिहावे. पाण्याचे तापमान टिपावे. आणि पुढील वर्षी त्याच जागी हेच पुन्हा करावे. सारे मर्म त्या ‘पुन्हा’मध्ये आहे. सिंधुदुर्गात संयुक्त राष्ट्रांच्या विकास कार्यक्रमाच्या साहाय्याने मोठा प्रकल्प झाला. त्यात चौकोनी आसाच्या जाळ्यांसारखे चांगले प्रयोग झाले, हे आम्ही मान्य करतो. पण प्रकल्पाला मुदत असते, प्रवाळाला नसते. तज्ज्ञ येतात, अहवाल होतो, तज्ज्ञ जातात. रोज समुद्रावर जाणाऱ्याला पांढरा पडलेला खडक सर्वांआधी दिसतो. मात्र त्याचे पाहणे कोणत्याही वहीत उतरत नाही.

यावर आमचे काही मित्र म्हणतात, ‘मग सरकार हवेच कशाला? समाजच राखील.’ हेही आम्हांस पटत नाही. रापणीसारखी प्रथा, जिच्यात किनाऱ्यावरून एकत्र जाळे ओढून मासळीचे वाटे घालतात, त्या समाजाच्या शहाणपणाची साक्ष आहे खरी. पण यांत्रिक पर्ससीन नौकेपुढे रापणकर काय करणार? तिला आवरण्यासाठी २०१६ साली शासनालाच निर्बंध घालावे लागले, आणि तरीही तंटा मिटला नाही.

फिलिपिन्समधील दोन बेटांचा दाखला येथे बोलका आहे. सुमिलोन बेटाभोवतीचे प्रवाळ १९७४ साली मासेमारीस बंद झाले; मासळी वाढली. १९८४ साली स्थानिक राजकारण बदलले, बंदी मोडली, आणि दोन वर्षांत आसपासच्या कोळ्यांची मासळी सुमारे निम्म्यावर आली. जवळच्याच आपो बेटावर आन्हेल अल्काला या शास्त्रज्ञाच्या सल्ल्याने गावकऱ्यांनी १९८२ पासून प्रवाळाचा लहानसा भाग स्वतः राखला, पहारा स्वतः दिला. तो टिकला. (अल्काला यांचे विद्यापीठ प्रेस्बिटेरियन मिशनऱ्यांचे, देश कॅथलिकांचा, माशांचे त्यावाचून काही अडले नाही.) पुढे १९९४ साली राष्ट्रीय सरकारने बेट आपल्या यादीत घेतले, तेव्हा पर्यटन-शुल्कातील आपला वाटा वेळेवर मिळत नाही, म्हणून गावकरी कुरकुरू लागले. तेथील बिशपांनी १९८८ च्या पत्रात उजाड प्रवाळाचा विषय मांडला आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१५ साली आपल्या परिपत्रकात तो पुन्हा उचलला. आमच्या प्रवचनांत तो अद्याप शिरलेला नाही.

आता माणदेशाकडे वळू. २०१८ साली पाणी फाउंडेशनच्या स्पर्धेत माण तालुक्यातील टाकेवाडीने पहिला क्रमांक मिळविला. गावाने घाम गाळून चर खणले, बांध घातले. परंतु अडविलेले पाणी भूगर्भात गेल्यावर ते कोणाचे? ज्याची विंधनविहीर सर्वांत खोल, त्याचे! श्रमदान सर्वांचे आणि उपसा एकाचा, हा धोका अशा प्रत्येक गावापुढे उभा असतो. गावाने वाटपाचा नियम केला, तरी मोडणाऱ्याला रोखणारा कायद्याचा हात पाठीशी नसेल तर नियम सभेतच राहतो. मालवणच्या रापणकराची आणि आमच्या कोरडवाहू शेतकऱ्याची गत एकच.

म्हणून आमचे मागणे असे. मालवण, दांडी, वायरी येथील मच्छीमारांना पाहणीचे प्रशिक्षण व मानधन द्यावे आणि त्यांची वही शासनाने अधिकृत पुरावा मानावी. गाभ्यातील कोणता खडक किती काळ बंद ठेवावा, हे त्यांच्या सभेने ठरवावे. तो निर्णय मोडणाऱ्या नौकेवर कारवाई मात्र शासनाने करावी, मग ती नौका कोणाचीही असो. पर्यटकांकडून घेतलेल्या शुल्काचा ठराविक वाटा त्याच गावांत, त्याच वर्षी पोहोचावा. नांगरासाठी कायमचे तरंगते बोये बसवावेत. समुद्रच तापत असता या उठाठेवीचा काय उपयोग, असे विचारणाऱ्यांस आमचे उत्तर एवढेच, की नांगराचे घाव आणि गावाचे सांडपाणी यांतून सुटलेले प्रवाळ उष्णतेच्या तडाख्यातून सावरण्याची शक्यता अधिक असते. तीन खात्यांच्या अधिकाऱ्यांनी पुढील पावसाळ्यापूर्वी मालवणात एकत्र बसावे. बैठक मात्र कचेरीत नको, मच्छीमारांच्या सोसायटीत व्हावी.