फाटक होतं तसंच ठेवा

मैत्रिणींनो, इंग्लंडात मुलांची सहल काढायची तर तिकिटांचा खर्च हवाच असं नाही. आम्ही लेस्टरहून पीक डिस्ट्रिक्टला जातो. ब्रिटनमधलं हे पहिलं राष्ट्रीय उद्यान, १९५१ सालचं. डोव्हडेलला नदीतल्या दगडांवरून पलीकडे जाताना मुलं हरखून जातात. शेतांतल्या सार्वजनिक पायवाटांवरून कुणीही चालावं.

पण गेल्या खेपेस आमच्या धाकट्यानं एक फाटक उघडं टाकलं आणि मेंढ्या थेट रस्त्यावर! समोरची मोटार थोडक्यात थांबली. शेतकरी रागावला, ते रास्तच. वाट सर्वांची असली तरी मेंढ्या त्याच्या!

तेव्हा दशम्यांचा डबा नि गमबूट घ्याच, पण मुलांना आधी बजावा: बंद फाटक पुन्हा बंद करायचं, उघडं असेल ते उघडंच ठेवायचं. जनावरांची पाण्याकडे जायची वाट तीच असू शकते.