नुसतं मोजू नका

दोस्तहो, आरोग्याच्या धोक्यांवर संशोधन करणारे आता शहराशहरांत फिरतायत. नकाशे, ड्रोन, मोठमोठी ग्रँट. नाव काय, तर शहरी नवनिर्माण. मी संशोधनाच्या विरोधात नाही. पण माझ्या वर्धा जिल्ह्यात काय झालं ते आधी बघा.

1951 मध्ये वर्ध्यात गांधी मेमोरियल लेप्रसी फाउंडेशन उभं राहिलं. नावाशी आपलं भांडण असेल, असू द्या. खऱ्याला खरं म्हणू. त्यांची माणसं गावोगाव, घरोघर गेली. अंगावरचा चट्टा बघितला, बधिर आहे का तपासलं. आणि वही मिटून परत नाही गेली. शोधायचं, समजवायचं, डॅप्सोनची गोळी द्यायची, तिन्ही कामं एकदमच. हीच पद्धत पुढं देशाच्या कुष्ठरोग कार्यक्रमात गेली. 1981-82 मध्ये बहुऔषधोपचार देशात पहिल्यांदा आला, त्या पहिल्या जिल्ह्यांत वर्धा होता. मोजणारा आणि औषध देणारा हात एकच होता. रोग मागं हटला तो म्हणून.

आता गटारात उतरणाऱ्या माणसाकडं या. त्याची जात मी सांगायला पाहिजे काय? मैल्याच्या टाकीत हायड्रोजन सल्फाइड साचतो. थोडा असला तर सडक्या अंड्यासारखा वास येतो. वाढला की नाकच बधिर होतं. वास बंद, म्हणजे गॅस गेला, असं माणसाला वाटतं. आणि माणूसच जातो. हे शास्त्राला केव्हाचं ठाऊक आहे. मग अजून अभ्यास कायले पाहिजे?

कायदा 1993 चा आहे, 2013 चा आहे. गटारातल्या मरणाला सुप्रीम कोर्टानं 2014 मध्ये 10 लाख भरपाई ठरवली, 2023 मध्ये 30 लाख. मरणाचा भाव वाढला, मरण थांबलं नाही. मॅनहोल साफ करणारा यंत्रमानव केरळात 2018 पासून आहे. म्हणजे ज्ञान आहे, मशीन आहे. नाही ती फक्त नियत. चट्टा शोधायला दारोदार जाता येतं, तर टाकीत उतरणाऱ्याचं दार का सापडत नाही? न शोधणं हासुद्धा एक निर्णय असतो, आणि तो जातीचा निर्णय आहे.

आणि मशीन आली की दुसरा डाव सुरू होतो. मशीनवर ठेकेदाराचा भाचा बसतो, आणि ज्यानं जन्मभर घाण उपसली तो घरी. असलं नवनिर्माण आपल्याला नको. मशीनची चावी त्याच्याच हातात पाहिजे, पक्क्या नोकरीसकट.

तर पोरांनो, वस्तीत कुणी फॉर्म घेऊन आला तर चहा पाजा. मग तीन सवाल विचारा. आमची तपासणी कधी? औषध कोण देणार? टाकीत उद्या कोण उतरणार? उत्तर आलं तर सही करा. नाही आलं तर फॉर्म कोरा परत द्या, आणि सगळे मिळून नगरपालिकेवर चला.